वीतभर गॅस

४ मार्च २०१९, सोमवार

सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. गच्चीवर निळ्या पिंपाचं तोंड करवतीने कापत होतो. मध्येच थांबलो. दमलो म्हणून नव्हे, काल जे बोलून बसलो ते आठवलं म्हणून!

काल उपासाआधीचा शेवटचा दिवस. लबीबमामाला घेऊन मुअल्लिम (म्हणजे उस्ताद) फहीमांकडे गेलो, त्यांच्या मुलीला, युस्तिनाला मागणी घालायला. सगळं बरं चाललं होतं. कोंबडीची तंगडी त्यांनी स्वतः माझ्या ताटात वाढली. मग विचारलं, "पोरा, तू करतोस काय?" मी खरं ते सांगितलं. सकाळी मामाच्या गाडीवर कचरा आणतो, दुपारी प्लास्टिक निवडतो, संध्याकाळी गच्चीवर वस्तू बनवतो. काळ्या नळीचं वेटोळं, त्यात उन्हाने पाणी तापतं. सायकलच्या ट्यूबचे पट्टे. तुटक्या पंख्याचं...

"खेळणी," ते म्हणाले. "तिकडे शुब्रा भागातला एक मुलगाही तिला विचारतोय. औषधाच्या दुकानात असतो. पांढरा कोट घालतो."

तेव्हा तोंडातून निघालं – "ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे चहाला या. कचऱ्याच्या गॅसवर करीन!"

मुअल्लिम फहीम गॅसचे सिलिंडर विकतात. तीस वर्षं. मामाने टेबलाखाली माझा पाय तुडवला, पण उशिरा.

ते पोट धरून हसले. "येतो की! उकळला तर पुढचं बोलू. नाही उकळला तर चहा शुब्राचा."

आजपासून ईस्टरपर्यंत पंचावन्न दिवसांचा उपास, मांस-मासे-दूध बंद. आणि चहाला छप्पन्न दिवस.

८ मार्च, शुक्रवार

जुळणी झाली. मोठं पिंप उघड्या तोंडाचं. त्यात लहान पिंप उलटं, टोपीसारखं. खाली कुजेल, गॅस धरेल, टोपी वर उचलेल. टोपीला नळी, नळीला जुनी शेगडी. गळू नये म्हणून सांध्याला रबरी चपलेचं वायसर कापून घातलं. (डावी चप्पल. उजवी जपून ठेवली आहे.)

विरजण म्हणून शेजारच्या डुकरांची घाण दोन बादल्या. वर रोजचं खरकटं. उपासामुळे सगळ्या गल्लीचं खरकटं एकच – फूल, म्हणजे उकडलेल्या बाकल्याच्या शेंगांचे दाणे. मामा म्हणाला, "पंचावन्न दिवस बाकला खाणाऱ्या वस्तीला गॅससाठी पिंप कशाला लागतं रे?" आई त्याला झाडू घेऊन धावली.

९ मार्च, शनिवार

वास येतो. फहीमांची गच्ची तीन घरं सोडून, वाराही तिकडेच. चर्चच्या दारात युस्तिनाच्या आईने आईला विचारलं, "तुमच्या वरून कसला वास येतो?" आई म्हणाली, "अख्ख्या कैरोचा कचरा आपल्या दारात येतो बाई, तुला त्यातला आमचा वास बरा ओळखू आला!"

आई हसली. मी नाही हसलो. लग्नाआधीच सासूच्या नाकात!

तोडगा सापडला आहे. आजपासून रोज मिसळणात क्लोरीनचं एक झाकण. मोजून.

१६ मार्च, शनिवार

टोपी शून्य बोटं वर. वास मात्र अजिबात नाही.

२४ मार्च, रविवार

शून्य. टोपीवर खडूने रेघा मारल्या, म्हणजे बारीक फरकही कळेल. फरक नाही.

सकाळी मुअल्लिम फहीमांची गाडी आली. रोज पाना सिलिंडरवर दोनदा वाजवतात. आमच्या दाराशी आठदा वाजवला. "वदीअ! ए वदीअ! तुझा गॅस न्यायला गाडी रिकामी करून आणू का?" सगळ्या खिडक्या हसल्या. मी गच्चीवर पिंपाआड बसलो. गुडघे दुखले.

२९ मार्च, शुक्रवार

युस्तिना आईकडे गोधडीच्या चिंध्या द्यायला आली. आईने तिला मुद्दाम गच्चीवर पाठवलं – "वाळत घातलेले कपडे बघ गं जरा." वाळत काहीच नव्हतं.

तिने पिंपात नाक घातलं. सरळ! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वास का नाही येत?"

मी अभिमानाने क्लोरीनची बाटली दाखवली. ती आधी बाटलीकडे, मग माझ्याकडे बघत राहिली.

"वदीअ, हे पिंप म्हणजे पोट आहे ना? त्यात किडे-जंतू असतात, ते खातात, गॅस सोडतात. असंच ना?"

"असंच."

"मग तू त्यांना रोज क्लोरीन पाजतोस?"

मी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. ती पायऱ्यांवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "आपली सात पिढ्यांची माणसं कचऱ्यात हात घालून जगली, आणि तू कचरा धुतलास! शुब्राचा औषधवालासुद्धा असं करणार नाही." मग एकदम गंभीर झाली. "एक महिना राहिलाय. ऊठ. आणि माझ्या आईच्या नाकाचं मी बघते."

३० मार्च, शनिवार

पिंप रिकामं केलं, उन्हात तापवलं. क्लोरीन आईला दिलं. नळाच्या पाण्यातही क्लोरीन असतं, म्हणून ते एक दिवस उघडं ठेवून मगच घालायचं. ताजी घाण चार बादल्या. भोवती काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळल्या, म्हणजे ऊब राहील. वास भयंकर. देवा, तो वाढू दे!

७ एप्रिल, रविवार

एक बोट!! तीनदा मोजलं. आईचंही बोट लावून बघितलं.

आज सण, म्हणून उपासातही मासा चालतो. मी काटेसुद्धा पिंपात घालायला निघालो, मामाने हात धरला – "त्याचा उपास चालूय!"

संध्याकाळी काडी लावली. काडीच विझली. मामा म्हणतो, पहिली हवा खोटी असते, सोडून दे. एका महिन्याची कमाई, सोडून दे म्हणे! सोडली.

१४ एप्रिल, रविवार

दिवसभर वाळवंटाचा गरम वारा. दातांत वाळू, कपड्यांत वाळू. पिंपाला मात्र मानवला. टोपी चार बोटं.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी पेटला. निळा! आवाज नाही, काजळी नाही. नीट बघायला मी वाकलो आणि उजवी भुवई गेली. आईने छातीवर क्रूसाची खूण केली आणि लगेच एक कांदा भाजून घेतला. "वाया कशाला घालवायचा?"

२१ एप्रिल, रविवार

सात बोटं. चर्चबाहेर ताडाची पानं विणता विणता युस्तिना हळूच म्हणाली, "शुब्राचे लोक काल येऊन गेले. मिठाईचे दोन खोके. बाबांनी खोके ठेवून घेतले." मग माझ्याकडे बघून – "भुवई कुठंय?"

खोके ठेवून घेतले. दोन्ही. झोप नाही.

२९ एप्रिल, सोमवार

काल ईस्टर. आज चहा.

टोपी पूर्ण एक वीत. मुअल्लिम, त्यांची बायको, युस्तिना, मामा, आई – सगळे गच्चीवर. खाली लोक खारवलेला मासा आणि कांद्याची पात घेऊन वसंताच्या सणाला बागांकडे निघालेले, वर आम्ही पिंपाभोवती. किटली ठेवली. पेटवला. सगळे किटलीकडे बघत होते, मी टोपीकडे. एक बोट खाली. चार. सहा. पाणी नुसतं कुजबुजत होतं. नऊ! मामा माझ्या कानात म्हणाला, "प्रार्थना येते का एखादी?" दहा बोटं उतरली आणि झाकण उडालं. दोन बोटं शिल्लक होती.

आई टाळ्या वाजवायला लागली. युस्तिना हाताआड हसली.

मुअल्लिम फहीमांनी आधी आच निरखली. चहा प्यायले. उठले. नळीवरून हात फिरवला, सांधा हुंगला, त्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का बघितलं. नाही आला. तरी खिशातून पाना काढून नट अर्धा फेरा आवळला. चपलेचं वायसर नखाने टोकरून बघितलं.

"साखर कमी आहे," म्हणाले, आणि बायको-मुलीला घेऊन निघून गेले.

आई म्हणते, आता वाट बघ. मामा म्हणतो, साखर कमी म्हणजे नाही. मला वाटतं साखर खरंच कमी होती. मोजून घातली होती!

३० एप्रिल, मंगळवार

सकाळी पाच वाजून वीस मिनिटं. दारात मुअल्लिम फहीम. गाडीवर सिलिंडर नाहीत, दोन पिंपं, गोणपाटाखाली झाकलेली.

"माझ्या गच्चीवर बसव. बायकोला हवंच आहे, ऐकत नाही. कुणी विचारलं तर पाण्याची टाकी म्हण. गॅसवाल्याच्या घरी हे दिसलं तर धंदा बसेल माझा."

मी म्हटलं, बसवतो. आणि पैशांचं?

"साखरपुड्याला नवरा मुलगा सोनं घालतो, त्यातून वळते कर."

"कुणाच्या सोन्यातून?"

"गाढवा, तुझ्या!"

खर्च: करवतीची पाती, नळी, क्लोरीन (वाया), साखर – १८४ पौंड.
देणे: लबीबमामाला ६० पौंड. मुअल्लिम फहीमांना युस्तिनासाठी सोनं, वजा पिंपं बसवायची मजुरी.