माहेरच्या नावाने आणलेला डबा

शनिवार, संध्याकाळ

राहते रत्नागिरीत आणि आज रात्रीपुरतं घेतलेलं हॉटेलही रत्नागिरीतच. वेडेपणाच हा. पण महेश मुंबईहून आला की अख्खी वाडी ओटीवर येऊन बसते, आम्हा नवरा-बायकोला धड बोलायला मिळत नाही. म्हणून तो उद्या येणार असं घरी सांगितलं, आणि मी संगमेश्वरला माहेरी जाते म्हणून निघाले. निघताना सासूबाईंनी डबा दिला. "पोचलीस की उघड." तेव्हापासून तो डबा टोचतोय. कशाला खोटं बोलले मी त्यांच्याशी?

खिडकीत समुद्र, मऊ गादी, गार खोली. माझी नजर मात्र डब्याकडेच. शेवटी महेशनेच उघडला. आत चार भाकऱ्या आणि त्याची आवडती सुक्या जवळ्याची चटणी. माझी आई माळकरी, मासळीला शिवतसुद्धा नाही. सासूबाईंना हे लग्नापासून ठाऊक आहे.

तेवढ्यात त्यांचाच फोन.

"काय गो, उघडलास डबा?"

"हो, आई."

"मग उद्या सावकाश या दोघं. कोण आलं तर गाडी लेट आहे म्हणून सांगेन मी."

सकाळपासून घशाखाली घास उतरत नव्हता. चारातल्या तीन भाकऱ्या मीच खाल्ल्या.