बाबांचं इंजिन बदलणार नाही

तीर्थरूप काकांस,

तुमच्या पुतण्याचा (ज्याला तुम्ही चारचौघांत वांड आणि घरात गाढव म्हणता) वाकून नमस्कार. तुमचं बीपी कसं आहे ते कळवा. काकूचा खोकला गेला असेल; नसेल तर औषध तिला पाजा, कपाटात जपून ठेवू नका. मी इथे ठीक आहे. गाडी ठीक नाही. फोनवर मी गाडीचं नाव काढलं की तुम्ही “इंजिन बदल” एवढं म्हणून फोन ठेवता. पत्राला असं तोडता येत नाही (फाडता येतं, पण काकू तुकडे जुळवून वाचून दाखवेल). म्हणून आधीच सांगतो, मी इंजिन बदलणार नाही.

कारण ऐका. बाबा गेल्यावर गाडी माझ्याकडे आली तेव्हा ती पूर्ण बाबांची होती. मग टाकी गळायला लागली, ती बदलली. सीट उंदरांनी खाल्ली, ती बदलली. हँडल एका ट्रकवाल्यामुळे वाकलं (चूक त्याची, तो उभा होता). चाकं, दिवा, चेन, एकेक करून सगळं दुसऱ्यांचं आलं. आता बाबांचं म्हणावं असं एक इंजिनच उरलंय. तेही काढलं तर मी काय नुसत्या नंबरप्लेटवर बसून फिरू? मेकॅनिक म्हणतो, भाऊ, हे इंजिन नाही, धुराडं आहे. म्हणू दे. धूर निळा येतो, तेल पितं, चढावर मला उतरून शेजारून चालावं लागतं, सगळं मला माहीत आहे. बाबाही शेवटी शेवटी असेच चालायचे. त्यांना बदला असं कोणी म्हटलं नाही.

पण घाई आहे. माझं काम तुम्हाला ठाऊकच आहे, दवाखान्यांतून दातांचे साचे लॅबमध्ये आणायचे आणि तयार कवळ्या परत पोचवायच्या. लॅबच्या मॅडमनी सांगितलंय की महिनाअखेरपर्यंत गाडी धड कर, नाहीतर दुसरा माणूस बघते. गाडी गेली की नोकरी जाणार, नोकरी गेली की मी घरी येणार, आणि घरी आलो की तुम्ही जे बोलाल ते मला आत्तापासूनच ऐकू येतंय.

म्हणून इंजिन मीच उघडलं, खोलीवर, जमिनीवर कागद पसरून. (तोवर फिरायला खोलीतल्या जोडीदाराची सायकल घेतली.) हा जोडीदार रात्रपाळीचा वॉचमन आहे, त्याला सगळे सावधान म्हणतात, कारण तो कधीच नसतो. त्याच्या पायाशी मी पिस्टन ठोकून काढला, तरी तो घोरतच होता. आता लॅबची एक शिस्त आहे आणि ती मला मनापासून पटलेली आहे: एका पेशंटचं सगळं एका डबीत, झाकणावर नंबर, इकडचं तिकडे जायचं नाही. म्हटलं, इंजिनही एक पेशंटच. लॅबच्या रिकाम्या डब्या आणल्या, रिंगा एकीत, व्हॉल्व्ह एकीत, आणि झाकणांवर एकपासून नंबर टाकले. लॅबही दर सोमवारी एकपासूनच सुरू करते, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. त्यात सकाळी पोचवायच्या कवळ्या मी आदल्या संध्याकाळीच खोलीवर आणून त्याच फळीवर ठेवल्या होत्या.

सकाळी चार नंबरची डबी घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. खुर्चीत एक रिटायर्ड मास्तर आ करून बसलेले. बाईंनी डबी उघडली आणि चिमट्यात धरून काजळीनं माखलेली पिस्टनची रिंग वर काढली. मास्तरांनी तोंड मिटलं, ते दवाखान्याबाहेर पडेपर्यंत उघडलं नाही. तिकडे त्यांची वरची कवळी मेकॅनिकच्या टेबलावर (रिंगा दाखवायला म्हणून दुसरी चार नंबरची डबी मी वाटेत त्याच्याकडे टाकली होती). त्याचा मला फोन, की हा पार्ट कुठल्या मॉडेलचा आहे बाबा, मी आजवर बघितला नाही, पण तुझ्या इंजिनात एवढा दणकट एकही नाही.

मॅडम ओरडल्या नाहीत (त्यानंच जास्त भीती वाटली). इंजिन नवीन घाल आणि आम्हाला जगू दे, एवढंच म्हणाल्या. म्हणजे तुम्ही, मेकॅनिक, मॅडम, सगळे एका बाजूला. शेवटी सावधानला विचारलं. तोही झोपेतच “बदल” म्हणाला आणि कूस वळला.

तरी मी ऐकणार नाही. मेकॅनिकनं परवा निकाल दिला: सिलिंडर आतून इतक्या वेळा घासून मोठा केलाय की आता घासायला भिंतच उरली नाही, आणि या मॉडेलचे पार्ट बनणं कधीच बंद झालंय. एक तर दुसरं इंजिन, नाहीतर भंगार. मी म्हटलं, पार्ट मी आणतो, तू नुसता बसव. कुठून आणशील, म्हणाला. ते माझं मी बघेन, म्हटलं. तुम्हालाही तेच सांगतो. मी कोणापुढे हात पसरणार नाही, कोणाचे उपकार घेणार नाही, आणि इंजिन बाबांचंच राहील. राग आला तर येऊ द्या, पण जेवून मग.

काकूला नमस्कार.

तुमचा,
भावावर गेलेला पुतण्या

ता. क. बाबांनी आणि तुम्ही एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच मॉडेलच्या गाड्या घेतल्या होत्या. बाबांची राबली. तुमची पडवीत ताडपत्रीखाली उभी आहे, तुम्ही तिला कोणाला हात लावू देत नाही, नुसती रविवारी एक किक मारून आवाज ऐकता. तिचा सिलिंडर, पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह आणि हेड एवढंच द्या. (क्रँकही बरा असला तर तोही.) बाकी सगळं बाबांचंच राहील, म्हणजे बाहेरचं कवच आणि तेलाचं झाकण. भावाचं भावाला लावलं तर त्याला बदलणं म्हणत नाहीत, काका.

आणखी एक ता. क. वरची विनंती रीतीपुरती आहे. तुम्ही दुपारचे झोपला असताना काकूनं फिटरला बोलावलं, अख्खं इंजिन उतरवून घेतलं आणि ट्रान्सपोर्टला दिलं. काल ते इथे पोचलंसुद्धा. ताडपत्री तिनं पहिल्यासारखी नीट घातली आहे. तेव्हा या रविवारी किक मारायला जाऊ नका. किक इंजिनालाच असते.