एका दमातली रेघ

नेरूळ, रविवार

प्रिय करिमुन,

मेसेज केला तर तू लगेच उत्तर देतेस आणि मला मध्येच बोललेलं खपत नाही, म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच, मग बोल.

सत्काराचा फोटो पाहिला. सारा जन्म सिलिकॉनवर घालवलास, शाल मिळाली, छान झालं. साडीचा रंग मात्र तुला शोभत नाही. बंगलोरला आरसे मिळत नाहीत का? तुझे शोधनिबंध मी वाचते, हे तुला ठाऊक नसेल. चुका काढायला वाचते. सुरुवातीला एक सापडली होती, आलेखाच्या अक्षावर एकक लिहायचं राहिलं होतं. तो दिवस मला फार बरा गेला. पुढे तू स्फटिकांमधल्या दोषांवर लिहू लागलीस आणि स्वतः चुकायचीच थांबलीस. माणसानं इतकंही नेटकं असू नये.

एमएस्सीला आपल्याला सिलिकॉनच्या चकत्या मोजून मिळायच्या, आठवतं? कापताना तू जोर लावायचीस आणि चकतीचा चुरा व्हायचा. "तुमच्या उरणच्या मिठागरात उभ्या आहात का?" म्हणून सर ओरडायचे. मग मी पुढे व्हायचे. हिऱ्याच्या टोकाच्या पेननं कडेला बारीक ओरखडा, श्वास रोखायचा, खालून अलगद दाबायचं. चकती आपल्याच रेषेत सरळ दुभंगायची. तुझ्या प्रोजेक्टचे सगळे नमुने मी कापले. बंगलोरची पीएचडीची फेलोशिप मात्र दोघींनाही मिळाली होती, हे आता फक्त आपल्या दोघींनाच आठवत असेल. पोरीला इतक्या लांब पाठवता का, असं लोकांनी विचारलं तेव्हा तुझे अब्बा म्हणाले होते, "मी मचव्यातून मुंबई गाठली, ती रेल्वेनं जाईल." आमचे अण्णा वाशीच्या मार्केटात माथाडी. त्याच वर्षी अंगावर गोण्यांची थप्पी कोसळली आणि ते कमरेतून अधू झाले. मला कोणी अडवलं नाही. त्यांना एकटं टाकून जाणार नाही, असं मीच म्हणाले आणि इथल्या ज्युनिअर कॉलेजात रुजू झाले. अण्णा गेले तोवर माझं लग्न झालं होतं आणि उत्कर्षा शाळेत जात होती.

या उन्हाळ्यात ती तुझ्या लॅबमध्ये राहून आली, तेव्हापासून घरात "मॅडम म्हणतात" सुरू आहे. चहा गाळतानासुद्धा! "आई, मॅडम म्हणतात, हात घाईत असला की काम बिघडतं." अगं बाई, हे मी तिला पाटी-पेन्सिल धरायच्या वयापासून सांगते आहे. त्यावर तुझा मेसेज, "हिचा हात अगदी तुझा आहे गं." हात माझा आणि कौतुक तुझं, हे कुठल्या न्यायानं?

गेल्या आठवड्यात ती बाल्कनीत तुझ्याशी फोनवर बोलत होती आणि मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. "नाही मॅडम, पीएचडीची जागा दुसऱ्या कोणाला द्या. बाबा गेल्यापासून आई एकटी आहे. मी वाशीला क्लासमध्ये शिकवेन." तुला खरं सांगते, मला आनंद झाला. तुझ्या हातून काहीतरी पहिल्यांदाच सुटलं आणि माझ्या पदरात पडलं. संध्याकाळी सारसोळ्याच्या कोळणीकडून कोलंबी आणली. "आज बाई भाव पन करीत नाय, बरी हाय ना?" असं तिनं विचारलं. इतकी मी खुशीत होते.

आज सकाळी तिच्या बाबांच्या फोटोची काच तडकली. दुसऱ्या फ्रेमची काच त्या मापाची कापायला उत्कर्षानं माझ्या कपाटातलं ते हिऱ्याच्या टोकाचं जुनं पेन काढलं. काच म्हणजे स्फटिक नव्हे, तिला पूर्ण रेघ लागते. तिनं श्वास रोखला, एका दमात रेघ ओढली आणि काच टचकन सरळ तुटली. क्षणभर तिचा चेहरा उजळला. मग तिनं पेन पुसलं, डबीत ठेवलं आणि डबी माझ्या हातात देत म्हणाली, "ठेवून दे आई, आता नाही लागणार." अण्णांच्या खाटेशेजारी बसून मीही ते असंच पुसून ठेवलं होतं. तेव्हा ती डबी परत माझ्या हातात देणारं कोणी नव्हतं.

तर ती जागा कोणालाही देऊ नकोस. ती नाही म्हणेल, तू ऐकू नकोस. आई एकटी नाही. आईला बारावीचे दोन वर्ग आहेत, सोसायटीची सेक्रेटरीही तीच आहे, भांडायला माणसं कमी नाहीत. तिचं बंगलोरचं तिकीट काढलं आहे. तिला उद्या सांगेन, रडली तर रडू दे. डबी मी तिच्या बॅगेत तळाशी ठेवली आहे. ते पेन तिलाच वापरू दे, तू हात लावू नकोस, मोडशील. आजवर तुझ्या एकटीवर जळत आले. आता दोघींवर जळेन. मला सवय आहे.

तुझीच, अजूनही चुका शोधणारी,
मुक्ता