पंख्याखाली टांगलेलं यंत्र

हवा मोजायला आलेल्या मॅडम,

तुमी माझ्या कॉलरला ते हवा ओढणारं यंत्र लावलंत आणि म्हणालात, "कमळूदादा, सुट्टी होईपर्यंत काढू नका." मुरबाडच्या या कारखान्यात लोखंडावर क्रोमचा मुलामा चढवायच्या टाकीवर मला अकरा वर्षं झाली. तिथल्या पिवळ्या वाफेनं छपराच्या पत्र्याला भोकं पडतात. तुमचं महागाचं यंत्र खराब होईल, असं मला वाटलं. म्हणून तुमी साहेबांकडं गेल्यावर मी ते कँटीनमधी पंख्याखाली टांगलं आणि सुटायच्या आधी परत लावलं. तुमी विचारलंत, तेव्हा म्हणालो, "नाय काढलं."

मग गेटवर कागद लागला : हवा ठीक, कॅन्सरचा धोका नगण्य. तो वाचून माझी पोरगी भाविका त्याच टाकीवर लागली. काय सांगून अडवणार होतो?

हे पत्र मी टाकणार नाय. टाकलं तर तिला कळेल, बापानं काय केलं.

काल म्हसाच्या जत्रेत तिनं नाक शिंकरलं, तर रुमाल लाल. मी तो तिच्या हातातून ओढून घेतला. तीच मला म्हणाली, "घाबरता काय बाबा? हवा मोजलेली हाय."

यंत्र ज्याच्या कॉलरला होतं तो,
कमळू