सहा वाजेपर्यंत

४ मार्च, सकाळ.
मुलाचं लग्न ठरलं. सून परदेशी. रविवारी व्याही आणि विहीणबाई घरी येणार. त्यांना फक्त इंग्रजी येतं. आमच्या घरात इंग्रजी म्हणजे मी. मुलगा म्हणाला, मेसेज मी करतो. साफ नकार दिला. पहिला निरोप वरबापाकडूनच जायला हवा.

५ मार्च.
अभ्यास सुरू. सकाळला इन, दुपारला इन, संध्याकाळला इन. रात्रीला मात्र ॲट. रात्रीने कुणाचं घोडं मारलंय? शिवाय ‘रविवारी संध्याकाळी’ म्हटलं, की इनचं ऑन होतं. भाषेला शिस्त नाही. मला आहे.

६ मार्च, ऑफिस.
साहेबांकडे इंग्रजीत अर्ध्या दिवसाची रजा मागितली, ‘ॲट द आफ्टरनून’. साहेबांनी दोनदा पुन्हा म्हणायला लावलं. मग मंजूर. छाप पडली.

७ मार्च.
उद्या आम्ही लग्नाचा हॉल बघून संध्याकाळी सहापर्यंत घरी पोचणार. तसं व्याह्यांना कळवलं: ‘ऑन संडे वी आर ॲट होम टिल सिक्स इन द इव्हिनिंग. प्लीज कम.’ ऑन, ॲट, टिल, इन. चारही जागच्या जागी! मुलाला दाखवायची गरज वाटली नाही.

८ मार्च, जेवणानंतर.
हॉलवरून बायको लवकर परतली. मी फुलं घेऊन बरोबर सहाला. दार विहीणबाईंनीच उघडलं. अंगावर बायकोचा एप्रन. व्याही माझ्या खुर्चीत, पायात माझ्या चपला. दोघं चार वाजता येऊन बंद दारासमोर जिन्यावर बसले होते म्हणे. मुलगा म्हणाला, बाबा, टिल म्हणजे सहापर्यंत घरी असणार, नंतर नाही. तुम्हाला ‘बाय सिक्स’ हवं होतं, म्हणजे सहापर्यंत पोचणार. मी म्हटलं, मराठीत दोन्हींना ‘पर्यंत’च म्हणतात, आजवर कुणी जिन्यावर बसलं नाही.
बायकोला इंग्रजी येत नाही. तरी ती आणि विहीणबाई मुलाचे लहानपणीचे फोटो बघत डोळ्यांतून पाणी येईतो हसत होत्या.

९ मार्च.
विहीणबाईंचा फोन. बायकोला. ही इकडून म्हणते, टुमारो, मॉर्निंग, कम, येस येस. तिकडूनही तसंच. उद्या त्यांच्या हॉटेलवर नाश्ता ठरला. मी निदर्शनास आणलं, की एवढ्या बोलण्यात एकही प्रिपोझिशन नव्हतं. बायको म्हणाली, म्हणूनच वेळेवर पोचू. तुम्ही तिथे फक्त हसायचं.
आरशासमोर हसून पाहिलं. बायकोने दोनदा दुरुस्त केलं.