मुलांच्या वर्गावर बदली

मी, खाली सही करणारी, चौकातली चष्मेवाली. वय झालं असलं तरी डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. कोणाच्याही दडपणाखाली न येता, माझ्या मागे माझ्या मिळकतीचं काय करावं ते लिहून ठेवते. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. दुकान, काचा घासायचं यंत्र आणि सगळ्या फ्रेमा माझ्या मदतनीस बाईंना द्याव्यात. त्या माझ्यापेक्षा सफाईने काच बसवतात आणि गिऱ्हाइकाशी कमी भांडतात.

२. दागिने आणि मोठं कपाट लेकीला. कपाटाचं दार जरा उचलून लावावं लागतं, हे जावयांना आधी शिकवावं.

३. राहतं घर मात्र मी लेकीला देत नाही. तिची हरकत नाही. पुढे कोणी म्हातारी चळली म्हणू नये, म्हणून कारण लिहिते.

माझी नात, लेकीची लेक, तिला आम्ही ठकी म्हणतो. चौथीत असताना ती पोहायच्या वर्गाला जायला नको म्हणू लागली. रोज पोटात दुखायचं. एका दुपारी दुकानात तिच्या डोळ्यांचा नंबर तपासताना मी सहज विचारलं, "पाण्याची भीती वाटते का गं?"

"पाण्याची नाही, आजी. सरांची."

पुढे तिने जे सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे.

तिला मदतनीस बाईंजवळ बसवून मी तशीच तलावाच्या व्यवस्थापक बाईंकडे गेले. वाटलं, ऐकून बाई हादरतील. त्यांनी खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं आणि म्हणाल्या, "आमच्या कानावर आलं होतं. म्हणून तर त्यांचा मुलींचा वर्ग काढून मुलांचा दिलाय."

मी मान वळवून बाहेर पाहिलं. खिडकीपलीकडे लहान लहान मुलं पाण्यात पाय सोडून काठावर बसली होती आणि तो माणूस शिट्टी वाजवत होता. मी तिथून थेट पोलीस ठाण्यात गेले.

पोलिसांनी त्याला धरलं, पुढे शिक्षाही झाली. व्यवस्थापक बाई मात्र नोकरीत तिथेच राहिल्या. मी तपास अधिकाऱ्यांना विचारलं, तर ते मान खाली घालून म्हणाले, "माहीत असून कळवलं नाही, हा आपल्या राज्यात गुन्हाच नाही, आजी." मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. तेच उत्तर.

४. धाकट्या दिरांना काही नाही. "वहिनी, बभ्रा करू नका, पोरीचं लग्न व्हायचंय," असं ते चौथीतल्या मुलीबद्दल म्हणाले होते. त्यांना जवळचं दिसत नाही. दुकानातून एक चष्मा फुकट करून द्यावा.

५. कायदा बदलावा म्हणून आम्ही काही पालक कित्येक वर्षं विधिमंडळाच्या पायऱ्या झिजवत होतो. शेवटी समितीने ऐकून घेतलं. एक सदस्य म्हणाले, "संस्थांना असा धाक घातला तर शिकवायला येणार कोण?" तोवर ठकी कॉलेजात गेली होती. ती उभी राहिली. "मी चौथीत होते, तरी बोलले. बाईंना काय अडचण होती?" त्याच अधिवेशनात कायदा झाला. आता माहीत असून गप्प बसणाऱ्याला तुरुंग आहे.

पेढे वाटावेत म्हणत होते, तोच एक तरुण दुकानात आला. चष्मा नको होता. "मी त्या मुलांच्या वर्गात होतो," म्हणाला. आता कुठे त्याला बोलायचं बळ आलं होतं, आणि पोलिसांनी तक्रारीची मुदत संपली म्हणून परत पाठवलं होतं. मी पेढ्यांचं राहू दिलं आणि त्याला बसायला खुर्ची दिली.

म्हणून घराचं भाडं आमच्या पालक मंडळाला मिळावं. ही मुदतीची अट निघेपर्यंत त्यांनी ते त्याच कामी खर्चावं. अट निघाली की घर ठकीचं. या कामाचं तिच्यावर कसलंही बंधन नाही. तिला कोणी भाषणाला बोलवायला आलं तर लेकीने दारातूनच वाटेला लावावं.

६. मंडळाला एक सूचना. मुदतीची अट काढणारा कायदा मागे घडलेल्या गुन्ह्यांनाही लागू होईल, असं त्यात स्पष्ट लिहून घ्या. मंडळाच्या वकीलबाई म्हणतात, नाहीतर जुन्यांना त्याचा उपयोग नाही. हे मला उशिरा कळलं. त्या मुलाने विचारलं होतं, "अट निघाली की मला परत जाता येईल ना?" मी त्याला हो म्हणून बसले आहे.

हे वाचून, समजून, दोघांच्या समोर सही केली.

सही: चष्मेवाली
साक्षीदार: शेजारचे शिंपी, आमच्या घरच्या डॉक्टर
स्थळ: दुकानामागची खोली
तारीख: डॉक्टरांच्या दाखल्यावर आहे तीच