छपरावरून पाहिलेला टोपवाला

मु. पो. लोणंद, जि. सातारा
बुधवार, दि. ८ मार्च १९७८

श्रीयुत जोतीरामराव साहेब, टँकर ड्रायव्हर, मुक्काम जत, यांच्या सेवेशी थोरला भाऊ लालासाहेब याचा आशीर्वाद, तो घ्यायचा असेल तर.

(धाकट्या भावाला ‘साहेब’ लिहिताना हात जड होतो, पण मागची तीन पत्रं ‘चि. जोत्यास’ अशी सुरू केली होती आणि एकाचंही उत्तर आलं नाही. म्हणून या खेपेला मान वाढवून बघतो आहे.)

इकडे सर्व खुशाल. आईची गुडघेदुखी आहे तशीच आहे, तुझ्या वहिनीचा, लीलाचा, आवाज बसला आहे (कारण पुढे येईल), आणि माझ्या पाठीत उसण भरली आहे (तेही पुढे येईल). तुझी तब्येत कशी आहे? तिकडचं पाणी तूच गावोगाव पोचवतोस म्हटल्यावर ते तुला मानवलंच असेल. तू कानडी बोलायला लागलास, असं मालट्रकवाला अर्जुना सांगत होता. मराठीत उत्तर द्यायचं नसेल तर कानडीत दे, मी कुणाकडून तरी वाचून घेईन. चार वर्षांपूर्वी भैरोबाच्या जत्रेत जे झालं, त्याबद्दल या पत्रात मी एक अक्षरही लिहिणार नाही. पंचाचा निकाल तो निकाल. विषय संपला.

आता मुख्य बातमी. पलटणीतून पेन्शन घेऊन आलो तेव्हा मी टेलिव्हिजन आणला. सिंहगडावरून लहरी सुटतात, त्या लोणंदपर्यंत येता येता दमतात, म्हणून तीस फुटी पाइपावर अँटेना चढवावा लागला. एवढ्यानं भागलं असतं, पण घाटाकडून वारं सुटलं की अँटेना तोंड फिरवतो आणि पडद्यावर मुंग्या येतात. मग कुणीतरी पत्र्यावर चढून पाइप फिरवायचा. कुणीतरी म्हणजे मीच. सिग्नल रेजिमेंटमध्ये सतरा वर्षं काढलेल्या माणसाच्या घरात अँटेनाला दुसऱ्यानं हात लावणं शोभत नाही, असं मी पहिल्याच दिवशी चारचौघांत जाहीर करून बसलो. ते मला भोवलं.

कारण डिसेंबरात दर मंगळवारी संध्याकाळी साडेसातला एक इंग्रजी मालिका सुरू झाली. एकूण तेरा भाग. तिचं खरं नाव इथे कुणालाच नीट म्हणता येत नाही, सगळे ‘टोपवाला’च म्हणतात. गोष्ट अशी : आकाशात खूप लांब एक लोखंडी ठाणं आहे. तिथे आठ माणसं कामाला आहेत. एके दिवशी मोजणी होते आणि नऊ भरतात. नववा डोक्यावर काळ्या काचेचा बंद टोप घालून हिंडतो. जेवत नाही, बोलत नाही, कुणाला त्रास देत नाही, नुसता एकेक दार उघडून आत बघतो आणि पुढे जातो. तो कोण, हा प्रश्न आहे. इंग्रजी कळत नसल्यामुळे आपल्या लोकांची कसलीच अडचण झाली नाही, उलट ज्याला जे वाटेल ते म्हणायची मोकळीक मिळाली.

कांद्याचे अडते आप्पासो यांचं म्हणणं, टोपाच्या आत कुणीच नाही, काढत जाल तसं सालच निघणार. (सगळा जन्म कांद्यात गेलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?) हायस्कुलातले भाऊसो गुरुजी म्हणतात, तो त्या आठांपैकीच एक, पण पुढच्या काळातून मागे आलेला. त्यांनी हे नववीच्या वर्गात फळ्यावर आकृती काढून समजावलं, तेव्हापासून नववीतली पोरं घरचा अभ्यास पुढच्या काळात झालेला आहे असं सांगतात. हळूहळू गाव दोन्हीकडे वाटलं गेलं आणि आपल्या मुलखात गाव दोन्हीकडे वाटलं गेलं की जे होतं ते झालं. पॅनेलं पडली. आप्पासोंचं ‘रिकामा टोप पॅनेल’, चिन्ह घागर. गुरुजींचं ‘भविष्यकाळ पॅनेल’, चिन्ह घड्याळ. तालमीत मतपेटी ठेवून रीतसर मतदान घेतलं. साखर कारखान्याला होत नाही एवढी चुरस झाली. घागर अकरा मतांनी आली, गुलाल उधळला, आणि मग सभा घेऊन ठराव केला की ज्या अर्थी बहुमतानं टोप रिकामा ठरला आहे, त्या अर्थी शेवटच्या भागात तो रिकामाच निघावा. ठरावाची नक्कल मुंबईला टेलिव्हिजनच्या कचेरीत रजिस्टरनं गेली. पोहोचही आली, ती आप्पासोंनी गादीमागे फ्रेम करून लावली आहे. दुसरा ठराव असा की पुण्याला चित्र स्वच्छ दिसत असलं तरी पुण्याच्या माणसाला काहीही विचारायचं नाही. हा मात्र एकमतानं मंजूर झाला.

तुला वाटेल, दादाचं मत काय पडलं? इथेच तर माझी गोची आहे. जोत्या, मी या मालिकेचा एकही भाग पाहिलेला नाही. टेलिव्हिजन माझा, पाइप माझा, सत्तर माणसं माझ्या सोप्यात आणि मी पत्र्यावर. अंगणात लीला उभी राहते, आत डोकावून येते आणि मला वर ओरडून सांगते. पण ती आपल्या सवडीनं सांगते. माणसं ठाण्यात काय खातात, त्यांच्या भिंती कोण पुसतं, एवढं तपशिलात कळतं. महत्त्वाचं काही घडलं की ती स्वतःच बघत उभी राहते आणि मला कळत नाही. म्हणून मी खालच्या आवाजांवर चालतो. सगळे गप्प असले तर चित्र नीट. गलका झाला तर चित्र गेलं, पाइप फिरवा. बारा भाग मी असे कानांनी पाहिले आणि तरी दुसऱ्या दिवशी पारावर छातीठोकपणे मत देत आलो. कुणाला संशय आला नाही.

आणि आई? आई पहिल्या भागापासून अगदी पडद्यापुढे पोतं टाकून बसते. तिला कुठलंच पॅनेल पटलं नाही. मतदानाला नेली तर चिठ्ठी कोरीच टाकून आली. पाचव्या भागानंतर मी तिला विचारलं, तुझ्या मते कोण गं तो? ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “रुसलाय त्यो. घरच्यांवं रुसून तोंड झाकून हिंडतोय. दारं उघडून बगतोय, कुनी बोलवतंय का. आन् त्या आटांतल्या एकाला तरी सुचतंय का, बाबा ये, बस म्हनावं?” मी म्हणालो, आई, ते विज्ञान आहे. ती म्हणाली, “आसंल.”

आता कालची हकिगत. बारावा भाग. लीलाचा आवाज सकाळपासूनच बसलेला, त्यात वारं असं सुटलेलं की मी पाइपाला मिठी मारून उभा. पावणेआठच्या सुमाराला खाली चिडीचूप झालं. मी म्हटलं, छान, चित्र लागलं. आणि एकदम सत्तर जणांचा असा गलका उठला की पत्रा हादरला. लीला हात हलवत होती, पण शब्द ऐकू येईना. मी काय समजायचं? चित्र गेलं असं समजलो आणि सगळा जोर लावून पाइप फिरवला. तेव्हाच पाठीत उसण भरली. खाली पहिल्याहून मोठा गलका. मी आणखी फिरवला.

झालं होतं असं की चित्र उत्तम होतं. टोपवाल्यानं गळ्याखालची कडी काढून टोप वर उचलायला घेतला होता, हनुवटी दिसली, म्हणून लोक ओरडले होते. ओठ दिसायच्या आत मी मुंग्या आणल्या. अँटेना परत जागेवर आला तेव्हा टोप पुन्हा डोक्यावर होता आणि शेवटच्या नावांच्या पाट्या सरकत होत्या. खाली उतरलो तर दोन्ही पॅनेलं आयुष्यात पहिल्यांदा एक झालेली, माझ्याविरुद्ध. आप्पासो म्हणाले, हवालदार, डोळ्यांनी बघितल्याशिवाय पाइपाला हात कसा घातला? माणसं गेल्यावर सोप्यात आई एकटीच बसून होती. मी म्हटलं, चल, जेवायला. ती बंद पडद्याकडे बघत म्हणाली, “हनुवटी आपल्या जोत्यावानीच हुती.” आणि उठली.

तर शेवटचा भाग येत्या मंगळवारी, १४ तारखेला. मी निश्चय केला आहे की तो मी खाली, खुर्चीवर बसून, दोन्ही डोळ्यांनी बघणार. आभाळ कोसळलं तरी पत्र्यावर चढणार नाही. भाऊसो गुरुजी, लीला, सगळ्यांना तसं सांगून टाकलं आहे. बाकी सर्व ठीक. लोभ आहे तसाच असावा, किंवा आहे त्याहून थोडा वाढवलास तरी चालेल.

तुझा दादा,
लालासाहेब

ता. क. – आता अडचण एवढीच की पत्र्यावर कोण चढणार. असा माणूस पाहिजे की ज्याला उंचीची भीती नाही, हात घट्ट आहे आणि खालच्या ओरड्यानं जो गडबडत नाही. सगळं गाव मनात फिरून आलो. तू मंगळवारी दुपारच्या एसटीनं आलास तर बरं होईल. निव्वळ कामापुरतं. रात्रीचं जेवून बुधवारी परत जा, टँकर काही सुकत नाही.

ता. क. २ – वर म्हटलं होतं की एक अक्षरही लिहिणार नाही, पण काल रात्रभर झोप लागली नाही, म्हणून लिहितो. जत्रेतल्या कुस्तीत मी पंच होतो. फलटणच्या त्या गड्यानं तुला खाली घेतला तेव्हा त्याचं अंग मध्ये होतं आणि माझ्या डोळ्यांत माती गेली होती. तुझी पाठ टेकली की नाही, हे मला दिसलंच नाही. लोक ‘पडला, पडला’ ओरडले आणि मी हात वर केला. भाऊ म्हणून झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. तू म्हणालास, दादा, पाठ टेकली न्हाई. मी म्हणालो, मी डोळ्यांनी बघितलं. ते खोटं होतं. मला वाईट वाटतं, जोत्या. चार वर्षं वाटतं आहे.

ता. क. ३ – पाकीट चिकटवायच्या आधी एक खरं सांगायचं राहिलं. आज सकाळी अर्जुनाला बोलावून अँटेना सिंहगडाकडे तोंड करून चार तारांनी आवळून टाकला. आता वादळ आलं तरी हलत नाही, चित्र आरशासारखं दिसतं. तेव्हा पत्र्यावर चढायला कुणाचीच गरज उरलेली नाही. आईनं तिच्या पोत्याशेजारी दुसरं पोतं टाकून ठेवलं आहे. मंगळवारी ये.